लकव्यानंतर व्हिडिओ कॉलवर व्यायाम: या चुका टाळा

डिस्चार्ज देताना विचारतात, "घरी स्मार्टफोन आहे ना?" नातेवाईक मान डोलावतात आणि पहिली चूक तिथेच होते. फोन आहे, पण तो थोरल्याचा, आणि थोरला सकाळी तो खिशात घालून शिरवळ एमआयडीसीत जातो. फिजिओथेरपीचा कॉल ११ वाजता. घरी उरतात उजवं अंग गेलेले अप्पा आणि बटणांचा फोन. ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांना दाखवायचं म्हटलं तरी ओटीपी शिरवळला! म्हणून आधी सांगा, फोन कुणाचा आणि घरी कधी येतो. संध्याकाळी ७ ची वेळ मागा, संकोच नको. सकाळचाच हट्ट धरणाऱ्यांनीही जरा जुळवून घ्यावं की.

पाटण-जावळीकडच्या वाड्यांत रेंज अंगणाच्या एखाद्या कोपऱ्यातच सापडते, मग पेशंटलाच तिथे नेऊन उभं करतात. असलं धाडस नको, तोल गेला तर खुब्याचं हाड मोडायचं. व्यायाम घरातच करा, छोटा व्हिडिओ काढा आणि कोपऱ्यात जाऊन व्हॉट्सॲपवर पाठवा. थेरपिस्ट सवडीने बघून काय चुकतंय ते सांगतील. चित्रं काढलेला व्यायामाचा कागदही मागून घ्या. त्याला रिचार्ज लागत नाही.

फोन हातात धरू नका. धरणाऱ्याचे हात पेशंटच्या आधाराला मोकळे हवेत. डब्याला टेकवून आडवा ठेवा, डोक्यापासून पावलापर्यंत दिसू दे. डावं अंग गेलेल्या काहींचं डावीकडे लक्षच जात नाही. ताटात डावीकडची भाकरी तशीच राहते. अशांच्या डावीकडे फोन ठेवून "अहो, बघा की" म्हणून ओरडण्यात अर्थ नाही. सुरुवातीला उजवीकडे ठेवा, मग थेरपिस्टला विचारून हळूहळू मध्ये सरकवा.

आणि लुळा हात धरून ओढत उठवू नका. खांदा निखळतो, दुखणं महिनोन्महिने राहतं आणि स्क्रीनवर ते कुणाला कळतही नाही.

पाणी पिताना ठसका लागत असेल तर तपासणी समोरासमोरच करून घ्या.

पुन्हा तोंड वाकडं झालं, हात गळाला, जीभ जड झाली, तर ठरलेल्या कॉलची वाट बघत बसू नका. थेट १०८. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन त्रास सुरू झाल्यापासून साधारण ४.५ तासांच्या आतच देतात, तेही सीटी स्कॅन झाल्यावर. वरच्या वाडीतून खाली उतरण्यातच बराच वेळ जातो, म्हणून वाटेतूनच दवाखान्यात फोन करून सीटी स्कॅन चालू आहे का, ते विचारून घ्या.