दोन सेकंदांत खिशातून बाहेर: प्रवासासाठी छोटा कॅमेरा कसा निवडावा आणि कसा वापरावा

पहाटे बस एका वळणावर थांबली होती. खाली दरी धुक्यानं काठोकाठ भरलेली, आणि त्यातून विजेच्या मनोऱ्यांची फक्त टोकं वर आलेली. माझा मोठा कॅमेरा डोक्यावरच्या फळीवर, गादीच्या बॅगेत, दोन लेन्सच्या मधे झोपला होता. मी उठले, चेन उघडली, लेन्सचं झाकण काढलं, तोवर ड्रायव्हरनं गियर टाकला. तो फोटो माझ्याकडे नाही. त्या सहलीतले आणखी बरेच फोटो असेच नाहीत. पाठदुखी तेवढी घरी आली.

तेव्हापासून मी प्रवासाला खिशात मावणारा कॅमेरा नेते. लोक विचारतात, फोन असताना हे कशाला? प्रश्न रास्त आहे. भरपूर उजेडात, रुंद दृश्याचा फोटो फोन इतका छान काढतो की शेजारी ठेवले तर फरक सांगता येत नाही. पण फोन मी फोटोसाठी बाहेर काढते आणि दोन मेसेज वाचून परत ठेवते. फोटो राहूनच जातो. कॅमेऱ्यात वाचण्यासारखं काही नसतं. शिवाय त्याला बोटाला लागणारं खरं बटण असतं, बऱ्याच मॉडेलांत खरा झूम असतो, आणि संध्याकाळी नकाशा व तिकिटासाठी फोनची बॅटरी शिल्लक उरते.

ही ओढ जुनीच आहे. ऑस्कर बार्नाक या जर्मन तंत्रज्ञाला दम्याचा त्रास होता आणि काचेच्या प्लेटांचा जड कॅमेरा डोंगरावर वाहून नेणं त्याला झेपत नव्हतं. सिनेमाची ३५ मिमी फिल्म वापरणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचे नमुने त्यानं १९१३-१४च्या सुमारास बनवले. १९२५मध्ये लाइप्झिगच्या जत्रेत तो लायका म्हणून लोकांसमोर आला. पुढे १९७९मध्ये योशिहिसा मैतानी यांनी ऑलिंपस एक्सए काढला. त्याला वेगळी पिशवी नको, लेन्सचं सुटं झाकण नको. पुढचं सरकतं आवरण बाजूला केलं की कॅमेरा तयार. आपल्याला जे करायचंय ते नेमकं हेच: खिशातून फोटोपर्यंतचे अडथळे एकेक करून काढून टाकायचे.

पायरी १: निवड

दुकानदार मेगापिक्सेल सांगेल. तुम्ही सेन्सरचा, म्हणजे आतल्या प्रकाश टिपणाऱ्या चकतीचा, आकार विचारा. स्वस्त छोट्या कॅमेऱ्यांत साधारण ६.२ × ४.६ मिमीचा सेन्सर असतो. ज्याला ‘एक इंची’ म्हणतात तो प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी भरतो (हे नाव जुन्या व्हिडिओ कॅमेऱ्यांतल्या नळ्यांच्या व्यासावरून आलंय, पट्टी घेऊन मोजायला जाऊ नका). म्हणजे क्षेत्रफळ चौपट. त्याच्याही वर एपीएस-सी, २३.५ × १५.६ मिमी, एक इंचीच्या तिप्पट. सेन्सर जितका मोठा तितका दिवेलागणीनंतरचा फोटो स्वच्छ.

मग सगळ्यांनी मोठाच सेन्सर का घेऊ नये? कारण सेन्सर वाढला की त्यावर प्रकाश पाडणारी लेन्सही वाढते आणि कॅमेरा खिशाबाहेर जातो. म्हणून इथे एक सोडून दुसरं घ्यावं लागतं. रिकोच्या जीआर ३मध्ये एपीएस-सी सेन्सर आणि वजन बॅटरीसकट अडीचशे ग्रॅमच्या थोडंच वर, पण झूम अजिबात नाही. २८ मिमीची एकच रुंद लेन्स (लेन्सचे हे आकडे ३५ मिमी फिल्मच्या हिशोबातले). (४० मिमी हवी असेल तर जीआर ३एक्स.) सोनीनं २०१२मध्ये आरएक्स१०० आणला तेव्हापासून एक इंची सेन्सर आणि छोटा झूम अशी जोडी रूढ झाली, कॅननचा जी७एक्स त्याच घरातला. फुजीफिल्मचा एक्स१००व्हीआय मला फार आवडतो, पण तो अर्धा किलोहून थोडा जड आहे आणि कोटाच्या खिशात मावतो, पँटच्या नाही. कोट घालून प्रवास करणारे असाल तर बघा. तिसरी जात लांब झूमवाल्यांची. झूम पूर्ण ओढला, म्हणजे लांब टोकाला नेला, की उजेड इतका कमी आत येतो की ढगाळ दिवशीही फोटो हलतात.

झूम हवा की नको, हे ठरवायला एक साधा उपाय आहे. गेल्या दोन प्रवासांतले तुम्हाला खरोखर आवडलेले तीसेक फोटो फोनवर उघडा आणि प्रत्येकाची माहिती बघा. किती साध्या लेन्सचे, किती जवळ ओढून घेतलेले? माझे तीसांपैकी चोवीस साध्या लेन्सचे निघाले. झूमचा हट्ट तिथेच संपला. तुमचं उलटं निघालं तर झूम घ्या, त्यात कमीपणा नाही.

दुकानात जाताना रोजचे कपडे घाला आणि कॅमेरा खिशात घालून खुर्चीत बसून बघा. बायकांचे कपडे शिवणाऱ्यांनी कॅमेराच काय, किल्लीही कधी पाहिली नसावी, त्यामुळे आमची ही परीक्षा जास्त कठीण असते. मी शेवटी कमरेला लावायची छोटी पिशवी घेतली.

जुना कॅमेरा घेत असाल तर लेन्सचं छिद्र सर्वांत लहान करून पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा आणि पडद्यावर मोठा करून बघा. काळपट ठिपके दिसले तर आत धूळ आहे. मोठ्या कॅमेऱ्यात लेन्स काढून सेन्सर पुसता येतो, इथे लेन्स निघतच नाही. साफ करायचं म्हणजे पूर्ण खोलावं लागतं. ठिपके दिसले की मी तरी तो कॅमेरा परत ठेवते.

पायरी २: घरी बसून एकदाच मांडणी

बहुतेक लोक ही पायरी गाळतात आणि मग रस्त्यात उभं राहून मेनू चाळतात. एक संध्याकाळ द्या.

मोड डायल ‘ए’वर ठेवा, यात छिद्राचा आकार तुम्ही ठरवता, बाकीचं कॅमेरा बघतो. एक इंची सेन्सरला एफ ४, एपीएस-सीला एफ ५.६ ही दिवसाउजेडी चालणारी जागा (एफचा आकडा जितका मोठा, छिद्र तितकं लहान). आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता; वाढवली की फोटो रवाळ होतो) ऑटोवर टाका, वरची मर्यादा एक इंचीला ३२००, एपीएस-सीला ६४००. आता महत्त्वाचं: ऑटो आयएसओच्याच मेनूत ‘किमान शटर’ (शटर जास्तीत जास्त किती वेळ उघडं राहावं) सापडतं का बघा आणि ते १/२५० सेकंद करा. कॅमेऱ्यानं स्वतः ठरवलं तर तो १/३० किंवा १/६०पर्यंत खाली येतो. हात स्थिर असेल तर भिंत स्पष्ट येईल, पण समोरून चालत येणारा माणूस पुसट होईल. प्रवासात माणसं चालतच असतात. थोडी रवाळ पण स्पष्ट चौकट पुढे सुधारता येते, हललेली नाही.

फोटो काढल्यावर तो दोन सेकंद पडद्यावर दिसतो, ते बंद करा, कारण तेवढ्यात पुढचा क्षण जातो. आवाज बंद करा. उजेड कमी-जास्त करायची सोय (अधिक-उणे असं चिन्ह असतं) अंगठ्याखालच्या चाकावर आणून ठेवा. फाइलच्या बाबतीत मी प्रवासात रॉ (सेन्सरची कच्ची फाइल) आणि जेपेग दोन्ही ठेवते. नव्वद टक्के वेळा जेपेगच वापरते.

आणि घड्याळ लावा. एकदा मी कॅमेऱ्यात स्थानिक वेळ बदलायची विसरले, फोननं आपोआप बदलली. घरी दोन्हीकडचे फोटो एकत्र केले तर सूर्यास्त दुपारच्या जेवणाच्या आधी झाला होता.

पायरी ३: खिसा आणि दोरी

गळ्यातला पट्टा काढून मनगटाची दोरी लावा. गळ्यात लटकणारा कॅमेरा पोटावर आपटत राहतो आणि समोरच्याला लांबूनच ‘फोटो काढणार’ असं सांगतो.

कॅमेऱ्याचा खिसा फक्त कॅमेऱ्याचा. किल्ल्या, नाणी काहीच नको. खिसा आधी उलटा करून झटका; शिवणीत धाग्यांचा जो चुरा साठतो तो आत-बाहेर होणाऱ्या लेन्सच्या नळीसोबत आत ओढला जातो. दमट हवेत वातानुकूलित खोलीतून थेट बाहेर पडलात तर काचेवर बाष्प धरेल, म्हणून निघण्याआधी कॅमेरा प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा आणि बाहेर पंधरा-वीस मिनिटं तसाच राहू द्या.

मग सराव. घरात टीव्ही बघत बसलात की कॅमेरा खिशातून काढा, वर येताना अंगठ्यानंच सुरू करा, डोळ्यासमोर आणा, दाबा, परत ठेवा. वीस वेळा. घरचे हसतील. हाताला बटणाची जागा कळेपर्यंत हसू द्या.

पायरी ४: प्रत्यक्ष फोटो

होडीच्या डेकवर उभे आहात असं धरा. ऊन पाण्यावर चमकतंय, आणि कठड्याला टेकून एक म्हातारे गृहस्थ वर्तमानपत्र धरून बसलेत. वाऱ्यानं ते सारखं फडफडतंय. पडद्यावर पाहिलं तर पाणी पांढरंफेक आणि गृहस्थ काळे. चाक उण्याकडे एक टिचकी: पाण्याला रंग आला, पण चेहरा आणखी बुडाला. कॅमेऱ्याला दोन्ही एकदम जमणार नाहीत. तर चाक परत जागेवर आणा, दोन पावलं डावीकडे सरका, चमकतं पाणी चौकटीबाहेर जाऊ द्या, मागे होडीची सावलीतली भिंत येईल. आता चेहरा उजळला आणि कागदाची कड उन्हात पेटली. कोणतंही सेटिंग न बदलता फोटो झाला. छोट्या कॅमेऱ्याला कडक उजेड-सावलीत पायांनीच मदत करावी लागते.

चाक मात्र शिकून घ्या. बर्फ, पांढरी वाळू, चुन्याच्या भिंती असतील तर कॅमेरा घाबरून सगळं करडं करतो. अधिक १ द्या. रात्री काळ्या पार्श्वभूमीवर दिवे असतील तर तो उगाच उजळ करतो, उणे १. याच्यापुढचं फारसं लागत नाही.

गर्दीत फोकस चुकतो, कारण कॅमेरा नेमका मागचा खांब पकडतो. त्याला एक जुनी युक्ती आहे: फोकस एका अंतरावर कायम करून टाकायचा. एपीएस-सी सेन्सर, २८ मिमीची लेन्स आणि एफ ८ असेल तर फोकस सव्वादोन-अडीच मीटरवर ठेवा. साधारण सव्वा मीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. रिकोच्या जीआरमध्ये तर यासाठी ‘स्नॅप फोकस’ अशी वेगळी सोयच आहे. सव्वादोन मीटर म्हणजे किती? जमिनीवर आडवे पडा आणि डोक्यापलीकडे हात ताणा, साधारण तेवढं. एकदा डोळ्यात बसलं की बटण पूर्ण दाबायचं, कॅमेऱ्याला विचार करायला वेळच द्यायचा नाही.

अंधार पडला की झूम मिटा. एफ १.८ छापलेलं असतं ते रुंद टोकाचं. पहिल्या आरएक्स१००मध्ये तोच आकडा लांब टोकाला ४.९ होतो, म्हणजे उजेड सातपटीनं कमी. कोपरं बरगड्यांना टेकवा, मनगटाची दोरी ताणून धरा आणि सलग तीन फोटो काढा. मधला बहुतेक वेळा स्थिर येतो.

छोट्या कॅमेऱ्याला माणसं बिचकत नाहीत, हा त्याचा सर्वांत मोठा गुण आणि तिथेच मोह. शटरचा आवाज येत नाही म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. जवळून चेहरा टिपायचा तर आधी नजरेनं विचारा, मुलांचा असेल तर सोबतच्या मोठ्यांना. कॅमेरा दाखवून भुवया उंचावल्या की कुठल्याही भाषेत कळतं.

पक्षी, खेळाचं मैदान, लांबचा रंगमंच याला हा कॅमेरा कामाचा नाही. तिथे नुसतं बघावं.

पायरी ५: रात्रीची दहा मिनिटं

लहान अंगात लहान बॅटरी. जीआर ३ला एका चार्जमध्ये कंपनीच्या हिशोबानंच सुमारे २०० फोटो मिळतात. म्हणून एक जादा बॅटरी हवीच, आणि विमानात ती हातातल्या सामानात ठेवायची; सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनच्या बॅगेत चालत नाहीत. टोकांना चिकटपट्टी लावली की निश्चिंती. बरेच नवे कॅमेरे फोनच्याच पॉवर बँकेवर चार्ज होतात.

दिवसाचे फोटो फोनवर किंवा दुसऱ्या कार्डावर उतरवा, लेन्स मऊ कापडानं पुसा. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर बघून काहीही खोडू नका. थकलेल्या डोळ्यांना चांगले फोटोही वाईट दिसतात.

बॅटरी वेगळ्या चार्जरवर लावली असेल तर कॅमेऱ्याचं बॅटरीचं दार उघडंच ठेवा. एकदा सकाळी घाईत मी कॅमेरा खिशात टाकून निघाले, दिवसभर किल्ल्याच्या तटबंदीवर हिंडले, आणि बॅटरी खोलीत भिंतीला लटकत होती. दार उघडं असलं की कॅमेरा खिशात नीट बसत नाही, बोटाला अडतो, आणि आपण चार्जरकडे वळतो.