कोळशातील मानवाकृतीचा अभ्यास करताना या चुका टाळा

घरी काम करता करता टेबलावर डोके टेकून झोपी गेलेल्या स्त्रीचे केटे कोल्विट्झ (१८६७–१९४५) या जर्मन चित्रकर्तीचे १९०९ मधील कोळशाचे रेखाटन लॉस एंजेलिस काउंटी म्युझियम ऑफ आर्टच्या संग्रहात आहे. आमच्या बेळगावच्या वडगाव-शहापूर भागात, जिथे घरातच मागावर साड्या विणल्या जात आल्या, तिथल्या मुलांना हा विषय समजावून सांगावा लागत नाही. तरीही त्यावरून अभ्यास करताना त्यांचे चित्र फसते, आणि ते बहुधा पहिल्या पाच मिनिटांतच फसते.

मुले आधी चेहरा काढायला घेतात. डोळे, भुवया, ओठ यांत दुःख भरले की काम झाले, असे त्यांना वाटते. वास्तविक थकलेल्या माणसाचा थकवा मानेतून सुटलेल्या भारात, पुढे ओघळलेल्या खांद्यात आणि टेबलावर निपचित पडलेल्या हातात असतो. म्हणून चेहरा सर्वांत शेवटी घ्यावा. आधी कोळशाची कांडी आडवी धरून डोके, खांदा आणि पाठ यांचा एकच सलग आकार मांडावा आणि भार कोठे टेकला आहे, तेथेच दाब वाढवावा. चित्र निर्जीव वाटत असेल तर बाह्यरेषा सर्वत्र सारख्याच जाडीची झाली आहे का, हे पाहावे. झाली असल्यास प्रकाशाकडची रेषा मळता येणाऱ्या रबराने टिपून जवळपास पुसून टाकावी. कर्नाटकातील लोअर-हायर ग्रेडच्या चित्रकला परीक्षांची सवय लागलेल्या मुलांना हे पुसणे फार जड जाते (सीमेपलीकडे महाराष्ट्रात एलिमेंटरी-इंटरमिजिएट देणाऱ्यांचेही तेच).

दुसरी चूक बोटाची. छाया मऊ करण्यासाठी बोट घासत राहिले की हाताचा तेलकटपणा कागदावर उतरतो, तेथे कोळसा धरत नाही आणि सगळे राखाडी होऊन बसते. सुती चिंधी वापरावी आणि एकदा झटकून थांबावे. आमच्याकडे पावसाळ्यात कार्ट्रिज कागद (चित्रकलेचा जाड कागद) सर्द होतो व कोळसा ठिपक्याठिपक्यांनी बसतो; असा कागद आदल्या रात्री दोन फळ्यांमध्ये दाबून कोरड्या कपाटात ठेवावा, इस्त्री मात्र फिरवू नये.

मोबाइलवर चित्र पाहताना संग्रहालयाने दिलेली माप आणि माध्यमाची ओळ वाचायची राहूनच जाते. कोल्विट्झ यांची विणकरांच्या उठावावरील सहा चित्रे (१८९३–१८९७) रेखाटने नव्हेत: तीन शिळाछाप (दगडावर रेखाटून छापलेली) आहेत, तीन धातूच्या पत्र्यावर कोरून छापलेली. पत्र्यावर आम्लाने कोरलेल्या बारीक रेषांचे जाळे कोळशाने उतरवू पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याचे तीन रविवार मीच वाया घालवले, कारण ती ओळ मीही वाचली नव्हती.