रविवारी दाराशी उभं राहायचं असेल तर

आमच्या मंडळीत स्वागताचं काम आळीपाळीने असतं. ठाण्यातलं आमचं चर्च लहान, बाकं मोजकी, त्यामुळे नवा चेहरा लगेच कळतो. नव्याने दारावर उभे राहणार असाल, तर माझं पहिलं सांगणं: आडनाव विचारू नका. आपल्याकडे 'पूर्ण नाव काय?' या प्रश्नामागे काय विचारलेलं असतं ते सगळ्यांना कळतं, आणि 'मूळचे कुठले?' हा त्याचाच धाकटा भाऊ. नगरहून बदलीवर आलेला आपलाच माणूस असो, नाहीतर समोरच्या सोसायटीतून कुतूहलाने डोकावणारी बाई असो, दोघांनाही सारखंच 'सलाम, या' म्हणा.

नवा माणूस पायरीवर घुटमळतो तो बहुतेकदा चपलांपायी. देवाच्या घरात चपला घालून शिरायचं कसं, हे त्याला पटत नाही. 'आम्ही घालूनच बसतो, तुम्हाला काढाव्याशा वाटल्या तर इथे कोपऱ्यात ठेवा,' एवढं सांगितलं की पाऊल आत पडतं.

मानाने पहिल्या बाकावर नेऊन बसवू नका. उभं कधी राहायचं, गुडघे कधी टेकायचे, हे पुढच्याकडे बघूनच कळतं. चौथी-पाचवी ओळ बरी. शेवटची दोन बाकं मात्र रिकामी राखा. रविवार म्हणजे मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक, डोंबिवली-कल्याणकडची कुटुंबं पोचेपर्यंत शास्त्रपाठ सुरू झालेला असतो. तेव्हा त्यांच्यादेखत घड्याळ बघायचं नाही.

उपासनेचं पुस्तक नुसतं हातात ठेवू नका, पापांगीकाराचं, म्हणजे सगळे मिळून पापं कबूल करतात त्या प्रार्थनेचं, पान उघडून द्या. गीताचा नंबर फळ्यावर असतो, तो बोटाने दाखवा. पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांचं भजन असेल त्या दिवशी तुमचं निम्मं काम आपोआप होतं. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्याआधीही ते कवी होतेच, आणि भजनांचा वळसा त्यांनी अभंगाचाच ठेवला. ख्रिस्ती गाणं म्हणजे इंग्रजी चाल अशी समजूत घेऊन आलेली माणसं दुसऱ्या कडव्याला मान डोलवू लागतात. मला स्वतःला ऑर्गनवरची गीतंही आवडतात, पण नवख्याला आधी भजन ऐकू द्यावं.

दानाची थैली फिरते तेव्हा पाहुणे खिसे चाचपतात. शेजारच्याला आधीच सांगून ठेवा, हळूच म्हणायचं, 'नाही टाकलं तरी चालतं.'

खरा गोंधळ प्रभुभोजनाच्या वेळी. सगळे वेदीकडे निघाले की नवा माणूस प्रसाद समजून रांगेत उभा राहतो. त्याला अडवून मागे धाडणं सगळ्यात वाईट. भाकर आणि द्राक्षारस हा बाप्तिस्मा आणि दृढीकरण (म्हणजे बिशपांच्या हातून विश्वासाचं पक्कं होणं) झालेल्यांनी घ्यायचा, ही आमच्या मंडळीची शिस्त. पण आशीर्वाद कोणालाही मिळतो. म्हणून हे उपासनेआधीच कानावर घाला: 'तुम्हीही पुढे या, हात छातीशी दुमडून ठेवा, पाळकसाहेब डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करतील. बसून राहिलात तरी कोणी काही म्हणणार नाही.' लहान मुलं तर असा आशीर्वाद घ्यायला धावतच येतात.

'तुम्ही कॅथलिक का?' हा प्रश्न हमखास येतो. थोडक्यात सांगा: नाही, आपली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एकत्र येऊन झाली. त्यांतली एक अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतली, म्हणून बिशप आणि उपासनाविधी आपल्याकडे आहेत. अमेरिकेतलं एपिस्कोपल चर्च त्याच घराण्यातलं. इतिहासात रस असलेला कोणी भेटला, तर ठाण्याच्या सेंट जेम्स चर्चचं संस्कारविधीने समर्पण १८२५ मध्ये बिशप हेबर यांनी केलं, तेही सांगा. तेव्हा ठाण्याला आगगाडी यायला अजून अठ्ठावीस वर्षं होती.

उपासनेतल्या सूचनांच्या वेळी पाहुण्यांना उभं करून ओळख करून द्यायची जुनी पद्धत आहे. मला ती मुळीच पसंत नाही. पाळकसाहेबांना तसं सांगितलंय. ओळख चहाच्या वेळी होऊ दे. फोन नंबर त्यांनी दिला तरच घ्या. बाप्तिस्म्याविषयी कोणी आपणहून विचारलं, तर पाळकसाहेबांशी गाठ घालून द्या. तुम्ही स्वतः दारात उपदेश सुरू करू नका.

आणि चहाचे कप धुवायची पाळी तरुण संघाची असते. दारावरच्या माणसाची नव्हे, कोणी काहीही म्हटलं तरी.