जिनिंगचा डेटाबेस क्लाउडवर नेण्याची पूर्वतयारी

हिंगणघाट, वणी किंवा पांढरकवड्याकडच्या जिनिंगमध्ये वजनकाट्याच्या नोंदी, शेतकऱ्यांचे चुकारे आणि गाठींचा साठा हे सारे पुष्कळदा कार्यालयातल्या एकाच सर्व्हरवर असते. तिथे पोस्टग्रेस या डेटाबेस सॉफ्टवेअरची १२ वी आवृत्ती चालू असेल, तर तिला नोव्हेंबर २०२४ नंतर सुरक्षा-दुरुस्त्या मिळत नाहीत, म्हणून ती बदलणे भागच आहे. मात्र जुन्या सर्व्हरवर जागच्या जागी अपग्रेड करू नये. पीजी-अपग्रेड या पोस्टग्रेसच्याच साधनाची लिंक पद्धत (नक्कल न करता जुन्याच फाइली वापरणारी) झटपट होते खरी, पण नवी आवृत्ती एकदा सुरू झाली की जुनी सुरक्षितपणे उघडता येत नाही. त्याऐवजी मुंबई किंवा पुण्यातल्या क्लाउड केंद्रात नवी आवृत्ती उभी करून लॉजिकल रेप्लिकेशनने (नोंदींतले बदल सतत दुसऱ्या डेटाबेसकडे पाठवण्याच्या सोयीने) जुन्यातला डेटा तिच्यात वाहता ठेवावा; ही पद्धत दोन वेगळ्या आवृत्त्यांमध्ये चालते, आणि शेवटपर्यंत जुना सर्व्हर जसाच्या तसा हाताशी राहतो.

मुहूर्त हंगामाबाहेरचा धरावा. दिवाळीपासून कापसाची आवक असते, मे महिन्यात उन्हामुळे सर्व्हर आधीच तापलेला असतो. पोळा आणि त्याची कर हे दोन दिवस काटा बंद असतो, त्यामुळे माझ्या मते प्रत्यक्ष बदलासाठी तेच उत्तम. तयारी त्याआधी काही आठवडे सुरू व्हावी.

प्रथम प्रत्येक टेबलला प्रायमरी की (प्रत्येक नोंद वेगळी ओळखणारा रकाना) आहे का ते तपासावे. ती नसलेले टेबल रेप्लिकेशनमध्ये घातले, तर त्यातली नोंद दुरुस्त करताना किंवा खोडताना जुन्याच सर्व्हरवर चूक येते आणि काट्याचे काम अडते. लॉगची (डेटाबेसमधल्या बदलांच्या नोंदवहीची) पातळी ‘लॉजिकल’ करण्यासाठी डेटाबेस पुन्हा सुरू करावा लागतो, म्हणून ते काम काटा बंद झाल्यावर उरकावे. शेतकऱ्यांचे बँक खाते क्रमांक यातून जाणार असल्याने जोडणी व्हीपीएनमधूनच, म्हणजे कूटबद्ध खासगी मार्गानेच, असावी.

खरी कसोटी इंटरनेटची आहे. अपलोडचा वेग १० एमबीपीएस असेल, तर ४० जीबी डेटा अखंड चालूनही सुमारे ९ तास घेतो, आणि रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली की ज्या टेबलची पहिली नक्कल चालू होती ती पुन्हा आरंभापासून सुरू होते. म्हणून टेबले एकेक करून जोडावीत, मोठी रात्री. जोडणी तुटलेली असताना न पोचलेला लॉग जुन्या सर्व्हरच्या डिस्कवर साचत जातो. त्याला मर्यादा घालण्याची सोय १३ व्या आवृत्तीपासून आली, १२ मध्ये ती नाही, तेव्हा डिस्कवरची मोकळी जागा रोज पाहणे हाच उपाय. दुसऱ्या कंपनीचे मोबाइल इंटरनेट पर्याय म्हणून ठेवावे आणि तेही बंद पडल्यास काट्यावर हातपावती कशी लिहायची व नंतर कोणी भरायची, हे आधी ठरवावे.

नंतर रंगीत तालीम. एक संगणक क्लाउडला जोडून पावती छापून पाहावी. क्लाउडवरचे घड्याळ बहुधा यूटीसीवर, म्हणजे भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे, असते. टाइमझोन ‘एशिया/कोलकाता’ केला नाही, तर हंगामात रात्री बारा ते पहाटे साडेपाचच्या गाड्यांवर आदल्या दिवसाची तारीख पडते आणि चुकाऱ्याचा हिशेब बिघडतो. ही बाब एरवी लक्षातही येत नाही, कारण तालीम सहसा दिवसाच होते.

बदलाच्या आदल्या दिवशी डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रणेचा) टीटीएल, म्हणजे तो पत्ता लक्षात ठेवण्याची मुदत, ६० सेकंदांवर आणावा. बदल करताना आधी काट्याचे सॉफ्टवेअर बंद करावे आणि जुन्या सर्व्हरच्या प्रवेश-फाइलमध्ये रेप्लिकेशनखेरीज सर्वांना मज्जाव करावा. हा मज्जाव फाइलमध्येच असणे गरजेचे आहे, कारण वीज जाऊन आली की जुना सर्व्हर आपोआप उठतो आणि विसरलेला एखादा संगणक त्यात नोंदी करू लागतो; मग दोन डेटाबेसांतल्या वेगवेगळ्या पावत्या जुळवत बसावे लागते. नव्या सर्व्हरचे जुन्याच्या मागचे अंतर शून्य झाल्यावर दोन्हीकडच्या नोंदींची संख्या आणि वजनांची बेरीज ताडावी. सीक्वेन्सचे (पावतीला पुढचा क्रमांक देणाऱ्या गणकाचे) आकडे या पद्धतीत पोचत नाहीत. ते जुन्याच्या पुढे नेले नाहीत, तर नवी पावती जुन्याच क्रमांकावर आदळते. त्यानंतर अॅनालाइज (शोध जलद व्हावेत म्हणून टेबलांची आकडेवारी गोळा करणारी आज्ञा) चालवून डीएनएस नव्या पत्त्यावर वळवावे.

पहिली नवी पावती होईपर्यंत परतणे सोपे असते. त्यानंतरही ती वाट हवी असेल, तर काटा उघडण्यापूर्वी आधीचे रेप्लिकेशन बंद करून नव्याकडून जुन्याकडे उलटे सुरू करावे, आणि त्यात आरंभीची नक्कल टाळावी. परत फिरायचे की नाही हे कोण आणि किती वाजेपर्यंत ठरवणार, हे व्यवस्थापकाकडून लेखी घ्यावे. नव्या सर्व्हरवर चुकाऱ्यांची एक पूर्ण फेरी निघाली आणि त्याचा बॅकअप दुसरीकडे उघडून पाहिला, की मगच उलटे रेप्लिकेशन थांबवून त्याचा स्लॉट (न पोचलेला लॉग राखून ठेवणारी नोंद) काढावा, आणि जुन्या डिस्कवरचा डेटा पुसावा.