आधी काचपट्टी, मग सिक्वेन्सिंग

योनीमार्गातल्या सूक्ष्मजीवांवर काम करायला लागले तेव्हा पहिले काही आठवडे मी तो शब्दच टाळत होते. बैठकीत 'ती जागा', 'खालचा भाग' असं काहीतरी म्हणून वेळ मारून न्यायचे. एकदा गाइड मॅडमनी मला मध्येच थांबवलं. म्हणाल्या, "ज्या बाईनं नमुना दिला तिनं संकोच बाजूला ठेवला. तुला कसला संकोच?" त्या दिवसापासून योनी, गर्भाशयमुख, स्राव हे शब्द मी सरळ उच्चारते. नव्यानं येणाऱ्यांना मी हेच सगळ्यात आधी सांगते, कारण पुढे तुम्हाला बायकांना प्रश्न विचारायचे असतात. विचारणारीच चाचरली तर उत्तरंही अर्धवट मिळतात.

आतड्यातल्या जिवाणूंवर काम करून इकडे येणाऱ्यांना आपल्या डोक्यातला एक समज उलटा करावा लागतो. आतड्यात जितकी विविधता तितकं चांगलं, असं आपण शिकलेलो असतो. इथे बहुतेक वेळा एकाच जातीच्या लॅक्टोबॅसिलसचं राज्य असणं हेच बरं लक्षण असतं. अल्बर्ट डोडरलाइन या जर्मन डॉक्टरांनी १८९२ मध्ये या दांड्यासारख्या जिवाणूंचं वर्णन केलं. इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरात ग्लायकोजेन साठतं, ते फुटून साखर सुटते, जिवाणू त्याचं लॅक्टिक आम्ल करतात आणि पीएच ४.५ च्या खाली राहतो. सस्तन प्राण्यांमध्ये हे चित्र जवळजवळ फक्त माणसातच दिसतं. उंदराच्या योनीचा पीएच उदासीनच्या आसपास असतो, त्यामुळे उंदरावरचा निष्कर्ष बाईला लावताना दहा वेळा विचार करा.

मात्र 'निरोगी म्हणजे लॅक्टोबॅसिलस' असं सरसकट सूत्रही करू नका. २०११ मध्ये ३९६ लक्षणविरहित स्त्रियांचा जो अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यातून योनीतल्या जिवाणू-समूहांचे आज सगळे वापरतात ते पाच गट पुढे आले. त्या स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणींत लॅक्टोबॅसिलस फारसे नव्हतेच, तरी त्या स्त्रियांना काहीही त्रास नव्हता. शिवाय लॅक्टोबॅसिलसमध्येही फरक आहे. क्रिस्पॅटस ही जात खंबीर आहे. इनर्स या जातीचं वागणं मात्र दोन्हीकडचं: तो निरोगी स्त्रीतही सापडतो आणि बिघाडाच्या उंबरठ्यावरही. त्याचा जीनोम छोटा, आणि डी-प्रकारचं लॅक्टिक आम्ल त्याला बनवता येत नाही. लॅक्टोबॅसिलससाठी नेहमी वापरतात त्या एमआरएस माध्यमावर तो वाढत नाही, म्हणून १९९९ पर्यंत त्याला नावही नव्हतं. प्लेट कोरी दिसली की नमुन्यात काहीच नाही असं समजू नका. रक्त-अगार लावा, किंवा एमआरएसमध्ये सिस्टीन आणि ग्लुटामिन ही अमिनो आम्लं घालून बघा.

आता माझी चूक सांगते.

पहिल्या खेपेचे चाळीसेक नमुने १६एस सिक्वेन्सिंगला, म्हणजे डीएनए वाचून जिवाणू ओळखायला, गेले. निकाल आले, रंगीत आलेख तयार झाले आणि मी सादरीकरणात ठळक लिहिलं की आमच्या नमुन्यांत गार्डनरेला, म्हणजे योनीतल्या बिघाडाशी जोडला जाणारा जिवाणू, जवळपास नाही. मला तो शोध वाटला होता. आमच्याकडच्या अनुभवी तंत्रज्ञ ताईंनी त्याच स्वॅबच्या ग्रॅम-रंजित काचपट्ट्या ठेवलेल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. एक पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेलाचा थेंब टाकला आणि मला म्हणाल्या, "बघ."

अस्तराची एक मोठी, चपटी, गुलाबी पेशी होती. अशा पेशीची कड एरवी कात्रीनं कापल्यासारखी स्वच्छ दिसते. हिची कड दिसतच नव्हती. सगळ्या पेशीवर बारीक वाळू भुरभुरावी तसे इवलेसे जिवाणू चिकटलेले, केंद्रकसुद्धा त्यांच्याआड धूसर झालेलं. हीच क्लू सेल, बिघाडाची खूण. लांब जांभळे दांडे औषधालाही नव्हते. पट्टीवरचे जिवाणू बघून देतात ते न्यूजंट गुणांकन ० ते १० असतं आणि ७ पासून पुढे जिवाणूजन्य योनीविकार, म्हणजे बीव्ही, धरतात. त्या पट्टीला ९ गुण होते. माझ्या आलेखात तोच नमुना 'बाकीचे जिवाणू' या राखाडी पट्ट्यात पडला होता.

दोष प्रायमरचा, म्हणजे जिवाणूंचा डीएनए पकडून वाढवणाऱ्या छोट्या तुकड्याचा, निघाला. सर्रास वापरला जाणारा २७एफ प्रायमर त्याच्या मूळ रूपात गार्डनरेलाच्या कुळाशी नीट जुळत नाही, त्यामुळे त्यांचा डीएनए वाढतच नाही. हे माहीत असणाऱ्यांना माहीत होतं, मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून माझा नेम आहे: प्रत्येक खेपेत गार्डनरेला मिसळलेला ओळखीचा कृत्रिम नमुना, एक कोरा स्वॅब, आणि प्रत्येक सहभागी बाईची एक काचपट्टी. पट्टीला खर्च नगण्य येतो आणि ती खोटं बोलत नाही. सिक्वेन्सिंग सुरू व्हायच्या आधी निदान शंभर पट्ट्या स्वतः वाचा, असा माझा आग्रह असतो. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरावर काम करणार असाल तर कोरा स्वॅब दुप्पट महत्त्वाचा. तिथे जिवाणू इतके कमी असतात की रसायनांच्या किटमधला डीएनएच 'सापडू' शकतो.

त्याच पट्टीनं मला प्रतिकारशक्तीच्या कामाकडे ओढलं. ताईंनी विचारलं, "पसपेशी दिसतात का?" मी शोधत राहिले, पण जवळपास नव्हत्याच. इतके जिवाणू चिकटलेले असताना न्यूट्रोफिल, म्हणजे याच पसपेशी, धावून का येत नाहीत? बीव्हीला 'दाह' न म्हणता वेगळं नाव पडलं ते याचमुळे. पण स्रावातले सायटोकाइन, म्हणजे प्रतिकारपेशींचे निरोप नेणारे रेणू, मोजले की त्यातला आयएल-१ बीटा वाढलेला दिसतो आणि आयपी-१० उलट खाली गेलेला. म्हणजे दाह आहे, पण अर्धामुर्धा, ओळखीच्या साच्यात न बसणारा. त्यात भर म्हणजे या गर्दीतले काही जिवाणू सियालिडेज हे विकर सोडतात. ते श्लेष्माची आणि आयजीए प्रतिपिंडांची साखर कुरतडतं. मला आजही या क्षेत्रातलं सगळ्यात सुंदर कोडं हेच वाटतं.

कोडं नुसतं पुस्तकी नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या क्वाझुलू-नाताल प्रांतातल्या तरुण स्त्रियांच्या अभ्यासात, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, लॅक्टोबॅसिलस कमी आणि विविधता जास्त असलेल्यांना एचआयव्हीची लागण चौपटीहून अधिक प्रमाणात झाली. त्यांच्या जननमार्गात सक्रिय सीडी-४ पेशी, म्हणजे विषाणूला हव्या त्याच पेशी, जास्त होत्या.

नमुना घेताना काय जपायचं ते थोडक्यात सांगते. पीएचची पट्टी योनीच्या बाजूच्या भिंतीला लावा. गर्भाशयमुखाचा श्लेष्मा उदासीन असतो, तिथे लावलीत तर फसाल. डीएनएचा स्वॅब वेगळा आणि सायटोकाइनचा वेगळा घ्या, दोन्ही लगेच बर्फात आणि मग उणे ८० अंशांत. गर्भाशयमुखावरून ब्रशनं काढलेल्या पेशी मात्र थांबत नाहीत. काही तासांत रंजन करून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे पेशी ओळखून मोजणाऱ्या यंत्रावर, न्याव्या लागतात, त्यामुळे यंत्राची वेळ आधी ठरवा आणि मगच सहभागीला बोलवा. रक्तातल्या आकड्यांची सवय असेल तर तीही सोडावी लागेल. या स्रावात आतड्याच्या उलट आयजीजी हा प्रतिपिंड आयजीएपेक्षा जास्त असतो आणि पाळीचं थोडं रक्त मिसळलं तरी सगळी मोजणी बिघडते.

म्हणून फॉर्म नीट भरा. शेवटच्या पाळीची तारीख, मागचा संबंध कधी आला, गर्भनिरोधक कोणतं, प्रतिजैविकं घेतली का, आतून धुण्याची सवय आहे का. वीर्यामुळे पीएचही वाढतो आणि सायटोकाइनही हलतात, त्यामुळे पीएसएची, म्हणजे वीर्यातल्या एका प्रथिनाची, चाचणी जोडीला ठेवा. ती बाईवरच्या अविश्वासापोटी नसते, हे तिला आधीच समजावून सांगा.

फॉर्म भरताना मी घाई करत नाही. अंगावरून पांढरं जाणं, वास येणं हे बायका कुणाजवळ बोललेल्या नसतात. चौथ्यांदा बीव्ही उलटलेल्या एका सहभागीनं मला विचारलं होतं, "माझी स्वच्छता कमी पडते का?" ती दिवसातून दोनदा आतून साबणानं धुवत होती. धुण्यानं उलट संरक्षक जिवाणूच जातात, हे मी तिला सांगितलं. पण मेट्रोनिडाझोल पूर्ण घेऊनही वर्षभरात निम्म्याहून अधिक जणींना हा त्रास पुन्हा का होतो, याचं समाधानकारक उत्तर तेव्हा माझ्याजवळ नव्हतं.

२०२५ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या चाचणीचे निकाल आले. १६४ जोडपी होती. फक्त बाईला औषध दिलं तिथे १२ आठवड्यांत ६३ टक्के जणींना बीव्ही परत झाला. जोडीदारालाही सात दिवस गोळ्या आणि मलम दिलं तिथे ३५ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली गेली. निकाल वाचला त्याच दिवशी मी त्या सहभागीला फोन केला. आता आमच्या फॉर्मवर जोडीदाराच्या उपचारांचा प्रश्न आहे, आणि नवी विद्यार्थिनी आली की पहिले काही फॉर्म ती माझ्या शेजारी बसून भरते.