फिकट रंगाची दर्शनी वीट घेताना या चुका टाळा

दर्शनी विटेच्या भिंतीवर गिलावा नसतो आणि रंगाचा हातही नसतो, त्यामुळे निवडीत किंवा बांधकामात झालेली चूक झाकायला काहीच उरत नाही. क्रीम, बदामी किंवा जवळजवळ पांढऱ्या विटेच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण लाल विटेवर खपून जाणारा डाग फिकट विटेवर दुरूनही दिसतो. कमी खर्चात अशी भिंत उत्तम होऊ शकते आणि तशा अनेक भिंती मी बांधून घेतल्या आहेत. मात्र बिघडलेली भिंत पाहायला मला बोलावले जाते, तेव्हा चुका त्याच त्याच निघतात.

त्यांतली पहिली चूक म्हणजे एकच वीट हातात धरून संपूर्ण भिंतीचा निर्णय घेणे. 215 बाय 65 मिलिमीटर दर्शनी मापाची वीट 10 मिलिमीटरच्या दरजांनी, म्हणजे विटांमधल्या सांध्यांनी, रचली, तर भिंतीच्या पृष्ठभागाचा जवळजवळ सहावा हिस्सा हा विटेचा नसून दरजांचा असतो. करड्या सिमेंटच्या दरजांनी क्रीम वीट मळकट दिसू लागते. तीच वीट पांढरे सिमेंट आणि धुतलेली फिकट वाळू यांच्या मालात बसवली की उजळून निघते. अनेक जण महागडी वीट घेतात आणि दरजांसाठी हाताशी असेल तो माल वापरतात. माझ्या मते हा खर्चाचा क्रम उलटा आहे: साधी फिकट वीट घ्यावी आणि वाचलेले पैसे दरजांवर खर्च करावेत. वाळू शेवटपर्यंत एकाच ठिकाणची असावी आणि मालाचे प्रमाण फावड्याच्या अंदाजाने न ठरवता घमेल्याने मोजावे, नाहीतर दरजांच्या रंगात रोजचा फरक पडतो.

एकाच भट्टीतल्या विटांच्या छटाही आचेप्रमाणे बदलतात. गवंड्याने एक गठ्ठा संपवून मग दुसरा फोडला, तर भिंतीवर पट्टे उमटतात. म्हणून मी किमान तीन गठ्ठे एकदम फोडून घेतो आणि प्रत्येकातून आलटूनपालटून विटा काढायला लावतो. त्याआधी साधारण एक चौरस मीटरची नमुना भिंत खऱ्या विटांनी आणि खऱ्या मालाने बांधून पूर्ण सुकू देतो, सकाळच्या आणि दुपारच्या उजेडात पाहतो आणि काम संपेपर्यंत ती पाडू देत नाही. यात आठवडा-दोन आठवडे जातात. ज्यांना तेवढा धीर नाही, त्यांनी फिकट विटेच्या वाटेला न गेलेले बरे.

दर विचारताना नगावर जाऊ नये. वर सांगितलेल्या मापाच्या सुमारे 60 विटा एका चौरस मीटरला लागतात, तर 190 बाय 90 च्या 50 पुरतात. त्यामुळे नगाला स्वस्त वाटलेली वीट भिंतीवर महाग पडू शकते. तुटफुटीसाठी 5 ते 10 टक्के जास्त धरून सर्व विटा एकदम मागवाव्यात, कारण पुढच्या भट्टीची छटा हमखास जुळेल असे नाही.

एक वीट फोडून आतला रंगही पाहावा. मातीत लोह कमी असेल किंवा चुना भरपूर असेल, तर वीट आतपर्यंत फिकट भाजते. केवळ वरून फिकट थर दिलेली वीट कोपरा उडाला की आतली लाली दाखवते.

मला सर्वाधिक त्रास देणारी चूक मात्र बांधकामानंतर घडते, आणि ती म्हणजे ॲसिडने भिंत धुणे. काही वर्षांपूर्वी माझ्या देखरेखीखालच्या एका घराची बदामी भिंत सुरेख उभी राहिली होती. मालाचे काही ओघळ विटांवर सुकले होते आणि मालकांना लवकर राहायला यायचे होते. मी दोन दिवस कामावर नसताना कोरड्या भिंतीवर हायड्रोक्लोरिक ॲसिड मारले गेले. पुढच्या काही दिवसांत विटांवर हिरवट-पिवळे डाग उमटले, ते शेवाळ समजून आणखी तीव्र ॲसिड वापरले गेले आणि डाग गडद तपकिरी होऊन तिथेच बसले. ते शेवाळ नव्हते. फिकट विटेच्या मातीत व्हॅनेडियमचे क्षार असू शकतात. पाणी सुकताना ते पृष्ठभागावर येतात आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडमुळे त्यांचा पाण्यात न विरघळणारा तपकिरी थर बनतो. ती भिंत पूर्ववत झाली नाही, आणि काम कोणावर सोपवून जातो आहे हे मी तेव्हा पाहिले नाही, याची खंत मला आजही आहे.

तेव्हापासून माझ्या कामावर ॲसिडचा डबा येत नाही. मालाचा ओघळ ओला असताना पुसू नये, कारण तो विटेच्या छिद्रांत शिरतो. थोडा कडक झाला की लाकडी पट्टीने खरवडून कोरड्या ब्रशने झाडावा. हिरवट डाग आलेच, तर विटेच्या उत्पादकाने सुचवलेले द्रव्यच, तेही आधी कोपऱ्यातल्या दोन-चार विटांवर लावून पाहावे.

विटेतले क्षार पाणी सुकताना पांढरा थर होऊन वर येतात, त्याला लोणा म्हणतात. त्याची परीक्षा खरेदीपूर्वीच होऊ शकते. पसरट भांड्यात 25 मिलिमीटर शुद्ध पाणी घेऊन त्यात वीट उभी ठेवावी, पाणी आटू द्यावे आणि पुन्हा एकदा तसेच करावे. जाड पांढरा थर आला, तर ती वीट घेऊ नये. विटा जमिनीपासून उंचावर आणि झाकून ठेवाव्यात. लोणा झाकण्यासाठी चकचकीत सीलर मारू नये, कारण त्यामुळे आतला ओलावा आणि क्षार दोन्ही अडकून विटेचा पृष्ठभाग सुटू लागतो.

खिडकीखालचा दगड किंवा काँक्रीट भिंतीच्या पुढे काढून त्याच्या खालच्या अंगाला पाणी तोडणारी खाच ठेवावी, नाहीतर पहिल्या पावसाळ्यातच काळे ओघळ दिसतील. दिवसाचे काम संपले की अर्धवट भिंतीचा माथा झाकावा आणि परांचीची भिंतीलगतची फळी उलटून उभी करावी, म्हणजे रात्री पाऊस आला तरी फळीवरचा माल उडून नव्या विटांवर बसणार नाही.