तान्ह्या बाळाचा पासपोर्ट फोटो घरच्या घरी

नातलगांना भेटायला परदेशी जायचं तर तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि मान न धरलेल्या बाळाचा फोटो स्टुडिओत काढणं म्हणजे नुसती रडारड.

१. खिडकीजवळ जमिनीवर पांढरी चादर ताणून अंथरा, सुरकुती नको.
२. पोट भरलेल्या, झोप झालेल्या बाळाला गडद झबलं घालून उताणं निजवा.
३. खिडकी आणि बाळ यांच्या मधे उभं राहू नका, चेहऱ्यावर सावली पडते.
४. फ्लॅश बंद. दुसऱ्या कुणीतरी फोनच्या अगदी मागे खुळखुळा वाजवावा. बाळ क्षणभर टक लावून बघतं, तेवढ्यात सरळ वरून भराभर वीसेक फोटो घ्या.

चोखणी किंवा धरणारा हात फोटोत दिसू नये. आकाराचे आणि उघड्या डोळ्यांचे नियम देशागणिक वेगळे असतात, ते आधी वाचा.